एका विटेनं सरकलेला धुरा

माझ्या भासऱ्यांशी मी बावीस वर्षांत एक शब्दही बोलले नव्हते. भांडण नव्हतं हो, उगाच काही मनात आणू नका. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि आमच्याकडे भावसून भासऱ्यांशी बोलत नाही, त्यांच्यासमोर बसत नाही, त्यांच्या ताटात सरळ वाढतसुद्धा नाही. का, ते कोणालाच माहीत नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, मी हो म्हटलं, आणि मग सवय पडून गेली. मी बी.कॉम. झालेली, रोज गाडी चालवत लकडगंजला नोकरीला जाणारी बाई. तिथं ट्रकवाल्यांशी हुज्जत घालते, आणि घरी जिन्यावर पावलं वाजली की ओढणी सावरून भिंतीकडे तोंड करते. हसा खुशाल, मीही हसते.

आमचं घर नागपुरात, बेसाला. दोघा भावांनी मिळून बांधलेलं, खाली आम्ही, वर ते. स्वयंपाक एकच, तो खाली. मधला सगळा कारभार माझ्या जाऊबाईंकडे. मी जाऊबाईंना विचारायची, "वांगं चालते काय म्हणावं?" भासरे चार हातांवर पेपर वाचत बसलेले. त्यांनी ऐकलेलं असायचं, पण ते थांबायचे. जाऊबाई त्यांच्याकडे वळून ओरडायच्या, "अहो, ते विचारून राहिली, वांगं चालते काय!" मग ते म्हणायचे, "तिले सांग, चालते." मग जाऊबाई माझ्याकडे वळायच्या, "चालते म्हणते वं." वं म्हणजे तुमच्याकडचं गं. एवढं झालं की वांगं चिरायला घ्यायचं.

एकदा जाऊबाई बाजारात गेल्या होत्या आणि अंगणात भासऱ्यांच्या चपलेत विंचू शिरताना मी पाहिला. आता आली का पंचाईत! ते जिना उतरून राहिलेले, पाय चपलेच्या दिशेनं. मी तुळशीपुढे जाऊन मोठ्यानं म्हटलं, "तुळसाबाई, कोणाच्या तरी चपलेत विंचू शिरला वं!" त्यांनी चप्पल झटकली, विंचू ठेचला, आणि तुळशीकडेच पाहून म्हणाले, "तुळसाबाई, लय उपकार झाले." जाऊबाईंना हे सांगितलं तर त्या हसून हसून ओट्याला धरून खालीच बसल्या.

मागच्या दिवाळीआधी जाऊबाई गेल्या. आठ दिवस ताप, नवव्या दिवशी संपलं. त्यांचं घर सुनं झालं ते झालंच, पण आमच्या मधली तारच तुटली. वरून खाली आणि खालून वर काही पोचेना. ताट नवऱ्याच्या हातानं वर जायचं आणि जवळपास तसंच खाली यायचं, एका पोळीचा तुकडा तोडलेला, भाताला बोट लावलेलं. नवरा म्हणायचा, "दादा म्हणते भूक नाही." माझा नवरा शाळेत क्लार्क आहे. त्याला निरोप जसाच्या तसा आणता येतो, त्याच्या पुढचं एक अक्षर त्याला विचारता येत नाही. भासरे हिंगण्याच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. एके दिवशी दोरीवर त्यांचा पट्टा वाळत होता, त्याला खिळ्यानं नवी भोकं पाडलेली दिसली. एक नाही, तीन. अगदी सारख्या अंतरावर. माणूस वाळत चालला होता आणि मोजून मापून वाळत होता. मला संताप यायचा, आणि खरं सांगते, त्या संतापाखाली भीती होती. हा माणूस असाच वर बसून संपून जाईल आणि मी खाली पोळ्या लाटत राहीन.

आता मिशीची गोष्ट सांगते.

लकडगंजला मी प्लायवूडच्या दुकानात लोकांच्या किचनची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढते. दुपारी गिऱ्हाईक नसतं. चारेक वर्षांपूर्वी अशाच एका रिकाम्या दुपारी मला इंटरनेटवरच्या एका दुनियेचा पत्ता लागला. तिथं सगळं चौकोनी विटांचं. जमीन विटांची, झाड विटांचं, आपण एकेक वीट ठेवत जायची आणि हवं ते बांधायचं. प्रत्येकाला एक बाहुला मिळतो, तोच आपण. तिथल्या एका कोपऱ्यात काही नागपूरकरांनी वस्ती टाकली होती. मी एक प्लॉट घेतला आणि बाहुला घेतला पुरुषाचा, चांगला झुपकेदार मिशीचा. कारण बाई दिसली की दर दुसरा माणूस "जेवण झालं का" विचारतो. मिशी पाहिली की कोणी विचारत नाही.

नागपूरची माणसं कुठंही जमली की आधी पानठेला टाकतात आणि मग कमिटी नेमतात. तिथंही तसंच. पान खाता येत नाही, थुंकता येत नाही, तरी संध्याकाळी पाच-सहा बाहुले पानठेल्यापुढे नुसते उभे. एकानं गल्लीत लागोपाठ सात स्पीडब्रेकर घातले, गाडी एकही नाही. उन्हाळा लागला तसे सगळ्यांनी खिडक्यांना कूलर बसवले, जिथं ऊनच लागत नाही तिथं. मीसुद्धा बसवले. शेजाऱ्यानं लावला आणि आपण नाही लावला, असं कसं चालेल?

घरात हे एकाच माणसाला ठाऊक होतं, जाऊबाईंना. रविवारी दुपारी त्या माझ्या शेजारी बसून सगळं पाहायच्या. "मिशी अजून जराशी वर कर वं," म्हणायच्या, आणि तोंडाला पदर लावून हसायच्या.

तर जाऊबाई गेल्यावर चारेक महिन्यांनी नवरा म्हणाला, "पोरीनं दादाच्या टॅबवर कसलंसं गाव टाकून दिलं. विटा रचत बसते दिवसभर." पोरगी म्हणजे भासऱ्यांची मुलगी, पुण्याला असते. मी कान टवकारले. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानातून पाहते तर काय, माझ्या अगदी बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर एक नवा बाहुला, आणि पाटी: "मोजमाप बरोबर आहे. हात लावू नये." हेच वाक्य वरच्या खोलीत हत्यारांच्या पेटीवर पेंटनं लिहिलेलं आहे. एवढ्या मोठ्या दुनियेत भासरे येऊन पडले ते माझ्याच शेजारी! योगायोग म्हणावा आणि गप्प बसावं, दुसरं काय करणार?

चार दिवस त्यांनी फक्त धुरा घातला. धुरा म्हणजे दोन वावरांच्या, दोन शेतांच्या मधली हद्द. प्लॉटच्या चारी बाजूंनी एक वीट उंचीचा धुरा, कोपरे काटकोनात, एक वीट इकडची तिकडे नाही. बस. घर नाही, भिंत नाही, काही नाही. मधोमध बाहुला बसलेला. पानठेल्यावरच्या एकानं लिहिलं, "काका, घर नाही बांधत?" भासऱ्यांनी लिहिलं, "कोणासाठी?"

मी उठून दुकानाच्या मागच्या नळावर जाऊन तोंड धुतलं. मालकानं विचारलं, काय झालं? म्हटलं, भुसा गेला डोळ्यात.

परत येऊन बसले, आणि माझ्यातली खोडकर बाई जागी झाली. तुम्ही विदर्भातले असाल तर तुम्हाला सांगायला नको की धुरा म्हणजे काय चीज आहे. दर साली शेजारी वखरताना हळूच एक तास, म्हणजे वखराची एक ओळ, इकडे घेतो, आणि मग त्या वीतभर मातीसाठी माणसं जन्मभर कोर्टाच्या पायऱ्या चढतात. माझे वडील आजारानं अंथरुणाला खिळले होते, सगळ्यांनी आशा सोडलेली. कोणीतरी येऊन सांगितलं की बाजूवाल्यानं धुरा कोरला. वडील उठले, पायात जोडा घातला आणि चालत वावरात गेले. त्यानंतर अकरा वर्षं जगले. तर मी इकडेतिकडे पाहिलं, आणि आमच्या दोघांमधला अख्खा धुरा एका विटेनं भासऱ्यांच्या बाजूला सरकवून दिला. सामाईक धुऱ्यावर तिथं दोघांचाही हात चालायचा.

संध्याकाळी घरी येऊन पाहते तर पाटी लागलेली: "धुरा कोणी सरकवला? मुकाट्यानं जागेवर ठेवावा."

मी लिहिलं, "कोणता धुरा भाऊ? मी तर पहिलेपासून इथंच पाहून राहिलो."

लगेच उत्तर: "मले शिकवतो काय बे? तीस साल मशीनवर माप घेतलं मी. डोये फुटले काय तुहे?"

बावीस वर्षांत त्यांनी मला उद्देशून लिहिलेलं किंवा बोललेलं हे पहिलं वाक्य. मी स्वयंपाकघरात एकटीच खुदकन हसले, नवरा दचकून पाहायला आला.

मग रोजचंच झालं. दुपारी मी एक वीट सरकवायची, संध्याकाळी ते मागे घ्यायचे आणि नवी पाटी लावायचे. "काहून गा, तुले लाज नाही काय?" मी लिहायचे, "लाज घरी ठेवून आलो भाऊ." हे तर खरंच होतं. प्रकरण कमिटीकडे गेलं. पंचनामा झाला. नऊ बाहुले रांगेनं उभे राहून विटा मोजून राहिले होते, कोणाही दोघांची मोजणी जुळेना. पानठेला माझ्या बाजूनं झाला, स्पीडब्रेकरवाली गल्ली भासऱ्यांच्या. अध्यक्ष म्हणाले, मधातून उंच भिंतच घालून टाकू, वादच नको. तेव्हा मात्र आम्ही दोघंही एकदम त्यांच्या अंगावर धावून गेलो. भासऱ्यांनी लिहिलं, "आमच्या धुऱ्यात तिसऱ्यानं पडू नये." मी लिहिलं, "बरोबर बोलले भाऊ." अध्यक्ष राजीनामा देऊन निघून गेले, दुसऱ्या दिवशी परत आले.

घरी नवरा वरून बातम्या आणायचा. "दादा आज लय बोलला. बाजूचा मिशीवाला पक्का चोरटा आहे म्हणते." मी पोळी उलटवत म्हणायची, "असं? वाईटच." "त्याच्या घरच्यांनी त्याले काही वळणच नाही लावलं म्हणते." आता मला वळण लावलं ते याच घरानं, यांच्याच आईनं, पण सांगता कोणाला? पोळी मात्र फुगायची चांगली. आणि ताट? ताट आता अर्धं रिकामं यायला लागलं होतं. अर्धंच, पण अर्धं.

अर्ध्यावर गाडी अडली. महिना झाला, पुढे सरकेना. एका संध्याकाळी भांडण रंगात आलेलं असताना मी सहज टाकलं, "एवढा जोर आणता कुठून भाऊ? खाता काय तुम्ही?"

उत्तर आलं.

"काय खातो! घरी भावसून बिमार माणसाचा सैपाक करते. बिनतिखटाचं वरण, मऊ भात, दुधी. मी बिमार नाही गा. बायको गेली माझी."

मी मोबाइल पालथा ठेवला. खरंच होतं की. जाऊबाई गेल्या त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी वेगळं, फिकं, आळणी रांधत होते. कोणी सांगितलं होतं मला? कोणीच नाही. विचारायला मधात माणूस नव्हता, म्हणून माझं मीच ठरवून टाकलं की दुःखी माणसाला तिखट सोसत नाही. पाच-सहा महिने एका धडधाकट माणसाला मी दुधी खाऊ घातला. मला स्वतःचा इतका राग आला की मी ओट्याशी उभी राहून रडले, आणि रडता रडता फ्रिजमधला उरलेला दुधी कचऱ्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी पाटोडीचा रस्सा केला. बेसनाच्या वड्या, काळा मसाला, वरून तर्री बोटभर, जाऊबाईंनी शिकवला होता अगदी तसा. नवरा ताट घेऊन वर जाताना शिंकत गेला. अर्ध्या तासानं ताट खाली आलं, ते पुसल्यासारखं. वाटीत रश्श्याचा डागही नाही. मी ते ताट बराच वेळ घासलंच नाही, नुसतं पाहत राहिले. मग भरली वांगी झाली, ठेचा झाला, मिरचीची भाजी झाली. पट्ट्यावरचा बकलाचा वळ एक भोक मागे गेला, हे मी दोरीवर पाहून घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, झालं ना मनासारखं? नाही झालं. एके दिवशी नवरा शाळेतून आला आणि चपला काढता काढता म्हणाला, "दादा पुण्याले जातो म्हणते. पोरीकडे, कायमचा. वर एकट्यानं बसून जेवण जात नाही म्हणते."

माझं डोकंच फिरलं. खाली टेबल आहे, चार खुर्च्या आहेत, त्यांची खुर्ची तशीच ठेवलेली आहे. एकट्यानं जेवा म्हणून कोणी सांगितलं? पण हे त्यांना कोण सांगणार? नवरा म्हणाला, "मी म्हटलं ना, खाली ये. तो म्हणते, तिले अवघडल्यासारखं होईन." तिले म्हणजे मले! संध्याकाळ होती. कुकर चढवला, कणीक मळायला घेतली, आणि रागाच्या भरात एका हातानं मोबाइल उघडून धुरा एकदम तीन विटांनी सरकवून दिला.

वरून लगेच आलं, "तीन! तीन विटा! आज तर हद्दच केली गा तू!"

मी लिहिलं, "केली तर केली! तुम्ही वावर सोडून चालले पुण्याले, मग तुमाले काय करायचं धुऱ्याचं?"

"तुले कोणी सांगितलं बे पुण्याचं?"

झालं ना! पण माझा तोल कधीचाच गेलेला. कणकीच्या बोटांनी मी लिहीत सुटले, "कोणी का सांगेना! मी सैपाक करून राहिली आता, नंतर पाहते तुमच्याकडे!"

पाठवलं, आणि मग वाचलं. करून राहिली. पाहते. झुपकेदार मिशीचा गडी सैपाक करून राहिली! इंग्रजीत लिहिलं असतं तर खपून गेलं असतं. आपल्या भाषेत क्रियापद घरातलं सगळं बाहेर सांगून टाकतं. ज्या भासऱ्यांपुढे कधी मान वर केली नाही, त्यांना दोन महिने वाट्टेल ते बोलले, आणि त्यांनी मला. आता हा माणूस उद्याच्या गाडीनंच जाईल, अशी धडकी भरली.

पडद्यावर एक ओळ आली.

"कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या. गॅस बंद कर वं."

गा नाही, बे नाही. वं.

मी गॅस बंद केला. जिन्यावर पावलं वाजली. मी सवयीनं ओढणी सावरली आणि कणकीच्या हातांनी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. पावलं स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

"धुऱ्यावर तर लय तोंड चालते तुहं," मागून आवाज आला. "आता भिंतीकडे काहून पाहून राहिली?"

मी वळले. बावीस वर्षांत इतक्या जवळून सरळ पाहिलंच नव्हतं. त्यांची एक भुवई दुसरीपेक्षा वर आहे, हे मला तेव्हा कळलं. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "तुमाले कधी समजलं जी?"

"समजायचं काय त्यात? तिनंच सांगितलं होतं मले. खाली मिशी लावून बसते म्हणे, आणि कूलर लावते म्हणे. पोरीले मीच म्हटलं, त्या मिशीवाल्याच्या बाजूचाच प्लॉट पाहिजे."

"म्हणजे ते बिमार माणसाचा सैपाक..."

"तुलेच सांगितलं." ते खुर्ची ओढून बसले, आपल्याच खुर्चीवर. टेबलाकडे पाहत म्हणाले, "मधात बोलणारी राहिली नाही ना आता. मग कोणाले सांगू? मिशीवाल्याले सांगितलं."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि हाताला कणीक, त्यामुळे पुसताही येईना. नवरा दारात येऊन उभा राहिला. आधी माझ्याकडे, मग दादाकडे पाहिलं, आणि काहीच न कळून म्हणाला, "कोण मिशीवाला?" भासरे म्हणाले, "तू बस, जेव." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "वाढ वं."

मी त्यांच्या ताटात सरळ वाढलं. पोळी, वांगं, वर ठेच्याचा गोळा. दुसऱ्या पोळीला त्यांनी हात आडवा धरला नाही, तिसरीला धरला, तरी मी वाढली. अशानं सासूबाई वरून रागावल्या असतील, पण त्यांच्या शेजारी आता जाऊबाई बसलेल्या आहेत, त्यांनी समजावलं असेल.

पुण्याचं विचारायची हिंमत मला ताक वाढताना झाली. ते म्हणाले, "कसा जाऊ? चार दिवस नजर हटली तर तू अख्खं वावर खाऊन टाकशीन."

दुसऱ्या दिवशी दुकानात गेल्या गेल्या मी ती वस्ती उघडली. धुरा माझ्या बाजूला पाच विटा आत आलेला. म्हणजे सकाळचा चहा माझ्या हातचा घेऊन, वर जाऊन, त्यांनी पहिलं काम हे केलं होतं. त्यांच्या रिकाम्या प्लॉटवर एका कोपऱ्यात पाया खणलेला दिसत होता, कशाचा ते अजून कळत नव्हतं. आणि धुऱ्यावर पाटी होती: "मोजमाप बरोबर आहे. हात लावू नये."

मी लावला.